बुडालेल्या झाडांखालचा मासा

मराठीच्या प्राध्यापकाने उन्हाळ्याच्या सुटीत काय करावे याविषयी विद्यापीठाचा काही नियम नाही, हे एक बरे आहे. नाहीतर २०२३ च्या मे महिन्यात मी जे केले त्याबद्दल माझ्याकडून नक्कीच लेखी खुलासा मागवला गेला असता. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे हातावेगळे करून मी अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात धाकट्या बहिणीकडे जाऊन थडकलो, आणि तेथे एका सत्तरी ओलांडलेल्या नावाड्यापुढे शिष्य होऊन बसलो. त्याच्याकडून मासे धरायला शिकलो! ज्या माणसाला मंडईतून धड कोथिंबिरीची जुडी निवडून आणता येत नाही त्याने गळ टाकून मासा काढला, यावर आमच्या घरी अजूनही कुणाचा पुरता विश्वास बसलेला नाही.

निघताना वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, सोलापूरकडच्या गावाहून मला निरोप द्यायला मुद्दाम पुण्याला आले होते. पिशव्या गाडीत ठेवून झाल्यावर हळूच म्हणाले, "तिकडं लई मोठाली धरणं हैत म्हनं. लांबनंच बघ. पान्याच्या नादाला लागू नगंस." मी हसून मान डोलावली. आबांचे पाण्याशी वैर आहे हे आम्हा भावंडांना लहानपणापासून ठाऊक आहे. त्याचे कारण ओघाने येईलच.

माझे मेहुणे मेम्फिस शहरात नोकरी करतात. मिसिसिपी नदीच्या काठचे हे मोठे शहर. तिकडे वसंत ऋतू आला, की आपल्याकडे आंब्याच्या पेट्यांच्या गोष्टी निघाव्यात तशा कचेरीत एका माशाच्या गोष्टी निघतात. त्याचे नाव क्रॅपी. मेहुण्यांचे साहेब या माशाचे वेडे. त्यांनी मेहुण्यांना वेड लावले, आणि मेहुण्यांनी मला. "दादा, तुम्ही एकदा चलाच," असा त्यांचा चार दिवस धोशा चालला होता.

मी प्रथम, स्वभावाप्रमाणे, माशाऐवजी शब्दाच्या मागे लागलो. या माशाची नावे मोजता मोजता माझी दमछाक झाली. क्रॅपी हा शब्द कॅनडातल्या फ्रेंच भाषेतून आला म्हणतात. त्याचा उच्चारही धड एक नाही. कुणी क्रॅपी म्हणतो, कुणी क्रॉपी, आणि दोघेही एकमेकांना अडाणी समजतात. फ्लोरिडाकडे त्याला ठिपक्यांवरून नाव आहे. लुइझियाना राज्यात त्याला 'साकाले' म्हणतात. फ्रेंच भाषेत त्याचा अर्थ दुधाची पिशवी! मांस पांढरेशुभ्र म्हणून हे नाव, असे लोक सांगतात. काही जाणकार मात्र म्हणतात, की मूळ शब्द तेथल्या चॉक्टॉ या आदिवासींचा. फ्रेंचांनी तो आपल्या कानाला सोयीचा करून घेतला. आणखी एक नाव आहे, ते मला फार आवडले. पेपरमाउथ, म्हणजे कागदी तोंडाचा. हे नाव का पडले ते पुढे माझ्या पदरात पडलेल्या फजितीवरून कळेल.

मासा तसा लहानखुरा. दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखा चपटा, रुपेरी, पाठीवर मोठा पंखा. फूटभर लांबीचा मिळाला की माणूस खूश होतो, आणि दोन पौंडांचा मिळाला तर त्याचे छायाचित्र भिंतीवर लागते. त्याच्या दोन जाती आहेत. गोऱ्या क्रॅपीच्या अंगावर उभे पट्टे असतात, काळ्या क्रॅपीच्या अंगावर शाई शिंपडल्यासारखे ठिपके. अंगावरून ओळखण्यात गफलत होते, म्हणून जाणते लोक पाठीवरच्या पंखाचे काटे मोजतात. पाच-सहा असले तर गोरी, सात-आठ असले तर काळी.

मेम्फिसहून उत्तरेला दोनेक तास मोटार हाकली, की रीलफूट नावाचा तलाव येतो. वाटेत दोन्ही बाजूंना सपाट काळी जमीन, कापूस, मका आणि सोयाबीन. डोंगर नावालाही नाही. तलाव म्हटला की माझ्या डोळ्यांपुढे कोल्हापूरचा रंकाळा येतो. नीटस काठ, मोकळे पाणी, संध्याकाळचा वारा. येथे पाहतो तो पाण्यातच रान उभे! सायप्रसची उंच झाडे थेट पाण्यातून वर आलेली, बुंधे सुजल्यासारखे फुगलेले. त्यांच्या मधून पहाटेचे धुके सरकत होते. जेथे झाड दिसत नव्हते तेथे मोकळे पाणी आहे असे मला वाटले. नावाडी म्हणाला, "तेथेच सावध राहायचे, प्रोफेसर. पाण्याखाली वीतभरावर खुंट आहेत. दोनशे वर्षांपूर्वी येथे जंगल होते."

होय, वाचकहो, या तलावाला जन्मतारीख आहे. १८११ च्या १६ डिसेंबरला मिसिसिपीच्या या खोऱ्यात भयंकर भूकंप झाला. पाठोपाठ जानेवारीत एक, आणि १८१२ च्या ७ फेब्रुवारीला सर्वांत मोठा. पलीकडच्या तीरावरच्या न्यू मॅड्रिड गावाच्या नावाने हे भूकंप ओळखले जातात. मिसिसिपी काही वेळ उलटी वाहिली, असे पाहणाऱ्यांनी लिहून ठेवले आहे. त्या हिवाळ्यात येथली जमीन खचली, ओढ्याची वाट अडली, आणि उभ्या जंगलात पाणी शिरले. हजारो एकर जंगल बुडाले. तलावाची सरासरी खोली आजही पाच-सहा फुटांच्या आसपासच आहे. तेथले जुने लोक यामागे एक कथाही सांगतात. पाय वाकडा असलेल्या चिकासॉ राजपुत्राने दुसऱ्या टोळीची राजकन्या पळवून आणली, म्हणून धरित्रीने पाय आपटला. त्या राजपुत्राचे नाव रीलफूट.

भूकंपाने तलाव केला! हे ऐकले आणि माझ्या मनात एकदम कोयना उभी राहिली. आमच्याकडे क्रम उलटा. आधी धरण बांधले, शिवसागर भरला, आणि मग १९६७ च्या ११ डिसेंबरला पहाटे चारच्या पुढे जमीन हादरली. दीडशेंहून अधिक माणसे दगावली. त्या भूकंपाचा संबंध भूशास्त्रज्ञ धरणात साठलेल्या पाण्याशी जोडतात. पण तोपर्यंत आमचे गाव तेथे नव्हतेच. ते त्याआधीच, १९६० नंतरच्या दोन-तीन वर्षांत, पाण्याखाली गेले होते. आबा तेव्हा अकरा-बारा वर्षांचे होते. आज्ज्याला सोलापूर जिल्ह्यातल्या माळरानावर जागा मिळाली. ज्याने जन्मभर पाऊस थांबण्याची वाट पाहिली, त्याने उरलेले आयुष्य पाऊस येण्याची वाट पाहण्यात काढले. त्या गावाविषयी आबा एक शब्द बोलत नसत. ट्रंकेत घडी घालून ठेवलेला बुडालेल्या जमिनीचा सातबारा, एवढीच त्या गावाची आमच्या घरातली निशाणी.

मी हे सारे नावाड्याला सांगितले नाही. तो होडी सोडण्याच्या गडबडीत होता. ती होडीही पाहण्यासारखी. चपट्या बुडाची, दोन्ही टोकांना निमुळती, खुंटांवरून घसरत जावी अशीच बांधणी. तिची वल्ही मधे बिजागरीने जोडलेली असतात, त्यामुळे वल्हवणाऱ्याचे तोंड पुढे राहते. आपल्याकडे वल्हवणारा पाठमोरा जातो. येथे पाठमोरा गेला तर पहिल्याच खुंटावर आपटेल. या होड्या बांधणारे कॅलहून घराणे येथे पिढ्यान्पिढ्या प्रसिद्ध आहे. त्यातल्या डेल कॅलहून यांना १९९८ साली लोककलांचा राष्ट्रीय सन्मान मिळाला. होडी बांधणे ही लोककला मानणारे सरकार पाहून मला अंमळ बरे वाटले.

आता प्रत्यक्ष विद्येकडे वळतो. पहिला धडा असा, की क्रॅपी मोकळ्या पाण्यात शोधू नये. त्याला लाकडाचा आसरा लागतो. बुडालेला खुंट, आडवे पडलेले झाड, सायप्रसच्या मुळ्या, कमळांच्या देठांची कड. तेथे तो बारक्या माशांवर टपून बसतो, आणि आपल्याहून मोठ्या माशांपासून लपूनही राहतो. वसंतात पाणी साठ-पासष्ट अंश फॅरनहाइटपर्यंत कोमट झाले की हे मासे विणीसाठी उथळात येतात. नर तळाशी घरटे साफ करून अंड्यांवर पहारा देतो. आम्ही गेलो तेव्हा विणीचा हंगाम सरला होता, मासे काठापासून जरा आत, खुंटांशी गेले होते. म्हणून काठी हवी ती लांब, दहा-बारा फुटांची. दोर भिरकावून लांब फेकायचा नाही. काठी पुढे करून खुंटाच्या अगदी अंगाला सरळ खाली सोडायचा, विहिरीत पोहरा सोडावा तसा.

पण पाण्याखालचा खुंट दिसायचा कसा? म्हातारा इंजीन बंद करी, मान वळवून काठाकडे पाही, पुन्हा दुसरीकडे पाही, आणि म्हणे, "येथे." काठी खाली घालावी तर खट्कन लाकूड लागे! तीनदा असे झाल्यावर मी विचारले. तो म्हणाला, "त्या वाकड्या सायप्रसच्या मागे पाण्याची टाकी आली पाहिजे. आणि डाव्या हाताला त्या घराचे धुराडे दोन झाडांच्या मधे दिसले पाहिजे. दोन रेषा जेथे एकमेकींना छेदतात तेथे खुंट. हा खुंट माझ्या वडिलांनी दाखवला." अशा किती खुणा ठाऊक आहेत, म्हणून मी विचारले. त्याने खांदे उडवले. "मोजल्या नाहीत. गल्लीतली घरे कोणी मोजतो का?"

दुसरा धडा खोलीचा, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोठा. क्रॅपीचे डोळे वर पाहणारे आहेत. तो वरून जाणारे भक्ष्य पाहून वर झेप घेतो. पायाखाली काय पडले आहे याकडे त्याचे लक्ष नसते. म्हणून आमिष माशाच्या थोडे वर राहिले पाहिजे. खाली गेले की दिवसभर बसा, मासा पाणी केव्हा पितो हेसुद्धा कळणार नाही. नवशिक्याला वाटते, मासा खोल असतो, सोडा आणखी दोर. मीही तेच करीत होतो. म्हाताऱ्याने माझ्या दोरावरचे बूच हातभर खाली सरकवले आणि म्हणाला, "प्रोफेसर, तुमचे व्याख्यान विद्यार्थ्यांच्या डोक्यावरून जाते की पायाखालून?" मी खरे उत्तर दिले नाही. एक मासा ज्या खोलीवर लागला ती खोली ध्यानात ठेवायची. त्या सकाळी बाकीचेही बहुधा त्याच खोलीवर असतात. हे मासे थव्याने राहतात. एक मिळाला की जागा सोडू नये, आणि पंधरा-वीस मिनिटांत एकही लागला नाही तर जागेचा लोभ धरू नये.

आमिष दोन प्रकारचे. एक जिवंत बारका मासा, दीड-दोन इंचांचा, ओठातून गळ घालून सोडलेला. दुसरे शिशाचा थेंब आणि पिसांचा किंवा रबराचा रंगीत झुपका लावलेला लहानसा गळ. त्याचे वजन औंसाचा सोळावा भाग, कधी बत्तिसावा. गळ बारीक तारेचा घ्यावा. यात एक युक्ती आहे. लाकडात गळ अडकणार हे ठरलेलेच. बारीक तारेचा गळ जोराने ओढला की सरळ होऊन सुटतो, आणि चिमटीत धरून पुन्हा वाकवता येतो. जाड गळ अडकला तर दोर तुटतो.

मग शांत बसायचे. हे मला सर्वांत कठीण गेले. आम्ही व्याख्याते, काहीतरी हालवत राहिल्याशिवाय आम्हाला काम चालले आहे असे वाटत नाही. मी काठी सारखी वरखाली करी. म्हातारा म्हणाला, "सोडून द्या. तुमच्या हाताचे ठोकेसुद्धा त्याला पुरेसे आहेत." विशेषतः थंड वाऱ्याची लाट येऊन गेली, की हा मासा लाकडाला चिकटून राहतो आणि नाकासमोर आलेले आमिषही फार वेळ न्याहाळतो. अशा दिवशी निश्चल बसणाऱ्यालाच यश. पहाट, तिन्हीसांजा आणि ढगाळ दिवस हे उत्तम.

मासा लागल्याचे कळते ते कसे, हीसुद्धा गंमतच. मला वाटे, बूच गडप होईल. तसे होतेही. पण पुष्कळदा उलटे होते. मासा खालून येतो, आमिष तोंडात धरून वरच जातो, त्यामुळे दोर सैल पडतो आणि उभे बूच आडवे होते. माझे बूच असे आडवे झाले. मी मुकाट पाहत राहिलो. मेहुणे ओरडले, "दादा, लागला!" मी दचकून, कुस्तीत पट काढावा तसा, काठीला हिसका दिला. क्षणभर रुपेरी काहीतरी पाण्याबाहेर आले, आणि फटकन सुटून गेले. गळावर चिलटाच्या पंखासारखा पातळ पापुद्रा राहिला होता. "कागदी तोंडाचा," म्हातारा एवढेच म्हणाला. त्याच्या ओठांभोवतीची कातडी इतकी नाजूक असते, की हिसक्याने फाटते. काठी नुसती अलगद उचलायची, दोर ताठ ठेवायचा, सैल पडू द्यायचा नाही, आणि होडीच्या कडेला आला की खाली जाळी धरायची. उचलायचे, ओढायचे नाही. हे मी तीन मासे गमावून शिकलो. चौथा आला. सव्वा वीत लांब, काळ्या ठिपक्यांचा. त्याला हातात धरले तेव्हा त्याचे अंग थरथरत होते, आणि खरे सांगायचे तर माझेही.

दुपारी एका सायप्रसच्या सावलीत होडी बांधून आम्ही भाकऱ्या, म्हणजे तिकडचे सँडविच, सोडल्या. तेव्हा म्हाताऱ्याने या तलावाची दुसरी गोष्ट सांगितली. गेल्या शतकाच्या सुरुवातीला एका कंपनीने असा दावा केला, की पाण्याखालची जमीन आमची. भूकंपापूर्वीचे जमिनीचे जुने हक्क त्यांनी विकत घेत आणले होते. जमीन आमची, म्हणून वरचे पाणीही आमचे, आणि पाण्यातला मासाही. पिढ्यान्पिढ्या मासेमारीवर जगणाऱ्या लोकांना परके ठरवले गेले. मग रात्री बुरखे घालून घोडेस्वार निघू लागले. १९०८ च्या ऑक्टोबरात त्यांनी कंपनीच्या दोन वकिलांना उतारशाळेतून उचलून नेले. एकाला ठार मारले. दुसरा, वयस्कर, पाण्यात उडी टाकून निसटला. राज्यपालांना सैन्य धाडावे लागले. खटला झाला, फाशीच्या शिक्षा झाल्या, त्या वरच्या न्यायालयाने रद्द केल्या. शेवटी १९१४ साली सरकारने तलाव ताब्यात घेऊन सर्वांना खुला केला.

"खून वाईटच," म्हातारा म्हणाला. "पण विचार करा, शंभर वर्षे पाण्याखाली असलेल्या जमिनीचे कागद लोकांनी जपून ठेवले होते!"

माझ्या घशात घास अडकला. मला आमच्या ट्रंकेतला सातबारा दिसत होता. शेवटी मी त्याला आमच्या गावाची हकीकत सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "येथून पूर्वेला केंटकी तलाव आहे. टेनेसी नदीवर धरण बांधून १९४४ साली भरला. त्याच्या पाण्यात बर्मिंगहॅम नावाचे गाव गेले. माझी आई त्या गावची. हिवाळ्यात पाणी उतरले की घरांचे पाये दिसतात. क्रॅपी तेथे उत्तम लागतो."

"तुम्ही तेथे गळ टाकता?"

"टाकतो. सुरुवातीला आई रागावली. मग एकदा म्हणाली, मलाही ने. होडीत बसली आणि कोणते घर कोणाचे ते सांगत गेली. त्या दिवशी मला जेवढ्या जागा कळल्या तेवढ्या चाळीस वर्षांत कळल्या नव्हत्या. प्रोफेसर, मासा पाण्यात राहत नाही. पूर्वी जेथे काही उभे होते, तेथे राहतो. हे ज्याला ठाऊक, त्याला मासा." थोडे थांबून तो म्हणाला, "आता तेथले जुने लाकूडही कुजत चालले आहे. म्हणून लोक हिवाळ्यात नाताळची झाडे दगड बांधून बुडवतात. माशांना काही आधार हवा."

संध्याकाळपर्यंत आम्हा तिघांत वीसेक मासे झाले. लहान होते ते जागच्या जागी पाण्यात सोडले. पहाटे निघण्यापूर्वीच परवाना काढून घेतला होता, आणि किती न्यायचे याचेही नियम आहेत. घरी बहिणीने त्यांच्या कापट्या करून, मक्याच्या पिठात घोळवून, कढत तेलात तळल्या. मांस खरोखर दुधासारखे पांढरे, चव सौम्य. तिने गुपचूप थोडे तिखट आणि हळद घातली होती, ते आणखी चांगले.

रात्रीचे आठ वाजले होते, म्हणजे आबांकडे सकाळचे साडेसहा. मी फोन लावला. ख्यालीखुशाली झाली. "आबा," मी म्हणालो, "आपल्या जुन्या घरापासून नदी किती पावलांवर होती?"

पलीकडे शांतता. मला वाटले, फोन तुटला. मग आवाज आला.

"पावलं कशाला मोजायची? अंगनातनं खडा मारला तर डोहात पडायचा."

आणि मग आबा बोलू लागले. डोहावर वाकलेला उंबर, त्याच्या मुळ्यांत बसणारा मासा, पहाटे आज्ज्याबरोबर गांडुळांची करवंटी घेऊन जाणे, गळाला लागलेला मासा हिसकला म्हणून पाठीत बसलेला धपाटा. "हिसकायचा नसतोय मासा. उचलायचा," आबा म्हणाले. मी होडीतला सारा धडा त्यांना सांगितला. त्यांनी शेवटी एकच प्रश्न विचारला. "काटं लई असत्यात का त्याला?"

तासभर बोलणे झाले. पंचेचाळीस वर्षांत जे ऐकले नव्हते ते मी त्या एका तासात ऐकले.

पुढच्या उन्हाळ्यात, २०२४ च्या मे महिन्यात, मी आबांना घेऊन साताऱ्याहून कासच्या वाटेने बामणोलीला गेलो. ते येतील असे मला वाटत नव्हते. पण आदल्या रात्रीच त्यांनी धोतर-टोपी काढून ठेवली होती. शिवसागराचे पाणी उतरलेले, काठावर लाल मातीचे पट्टे उघडे पडलेले. काठावर त्यांनी वाकून काहीतरी उचलून खिशात टाकले. मी विचारले नाही.

लाँच निघाली. आबा काही बोलेनात. तासभर ते नुसते डोंगर पाहत होते. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. मला ती मान वळवण्याची तऱ्हा ओळखीची वाटली. एकाएकी त्यांनी लाँचवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"थांब रं बाबा हितं. ती खिंड त्या सुळक्याच्या मागं आली बघ. आन् ह्या अंगाला देवराईची टेकडी. हितं खाली डोह. आन् ह्यो," त्यांनी हात दहा-बारा हात मागे फिरवला, "ह्यो आपला उंबरा."

लाँचवाल्याने इंजीन बंद केले. पाणी लाँचेच्या कडेला चुबुकचुबुक वाजत होते. आबांनी खिशातून खडा काढला आणि डोहाच्या दिशेने मारला. फार लांब गेला नाही. पंच्याहत्तरीचा हात तो. पण वर्तुळे उठली, पसरली, आणि ती विरेपर्यंत कोणी काही बोलले नाही.

जमिनीच्या कागदाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. अनेक कोयना धरणग्रस्तांचा तो अनेक दशके रेंगाळला, तसा आमचाही एक तुकडा मिळायचा राहिला आहे, आणि त्यासाठी मी यापुढेही कचेऱ्यांचे खेटे घालीन. परंतु आता मला ठाऊक आहे, की मी कोणत्या जमिनीविषयी बोलतो आहे. तिच्या दोन्ही रेषा मी वहीत लिहून घेतल्या आहेत. माझ्या मुलाला मी तो उंबरा दाखवू शकेन.

बामणोलीला परत आलो तेव्हा दुपार झाली होती. तेथल्या खानावळीत माशाचे जेवण मिळते. धरणाच्या पाण्यातला मासा आबांनी साठ वर्षांत तोंडात घातला नव्हता. मी त्यांच्यासाठी पिठल्याची चौकशी करू लागलो. त्यांनी मला हाताने थांबवले आणि पोऱ्याला म्हणाले, "मासाच आन."

भाकरी कुस्करून, मान खाली घालून, ते सावकाश जेवले. शेवटी बोट चाटून म्हणाले, "काटं लई हैत. पर मासा आपलाच हाय."